निम्मा आकडा

डॉक्टरांनी बिट्टीच्या गुडघ्यामागची कातडी दोन बोटांनी ताणून पाहिली, मग कोपराची आतली बाजू, मग मानेची घडी. दोन महिन्यांपूर्वी तिथे खाजवून खाजवून सालं निघाली होती. आता सगळं स्वच्छ, मऊ.

"वरून छान आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि रक्ताच्या तपासणीचा कागद बिट्टीच्या आईपुढे सरकवला. "पण हा सुजेचा आकडा बघा. मागच्या वेळी तीन हजारांच्या वर होता, आज चौदाशे साठ. सातशेच्या आत यायला हवा. खाली अजून धुमसतंय. मलम बंद नाही करायचं, फक्त एक दिवसाआड करू."

"आणि खाण्याचं?"

"खाण्याच्या वेगळ्या तपासण्या केल्या ना आपण? त्यात काही निघालं नाही. सगळं खाऊ दे तिला."

"केकसुद्धा?" बिट्टीने विचारलं.

"केक तर आधी."

संध्याकाळी पाचला खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. बिट्टी घरापर्यंत उड्या मारत आली आणि जिन्यापाशी तिच्या उड्या थांबल्या. वर आजी होती.

आजोबा गेल्यापासून बिट्टीच्या आईची ही आई लेकीकडे राहायला आली होती. आली त्याच आठवड्यात तिने नातीची अंडी बंद केली, मग दूध, मग शेंगदाणे. लेकीने ते चालू दिलं. चाळीस वर्षं एका माणसाची उठबस केलेले हात नुसते मांडीवर पडलेले तिला बघवत नव्हते. त्यांना काहीतरी काम मिळालं, असं तिने मनाशी म्हटलं. त्यालाही आता चार महिने झाले होते.

हे खाजेचं दुखणं लेकीलाही लहानपणी होतं. तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत तिच्या बाबांची रक्त तपासायची छोटी लॅब होती. दर महिन्याला ते तिच्या बोटाला सुई टोचायचे, इतकी अलगद की "झालं?" असं तीच विचारायची. थेंब काचपट्टीवर पसरायचे, रंग द्यायचे, वाळवायचे. मग तिला उंच स्टुलावर बसवून मोजणीचं यंत्र तिच्या मांडीवर ठेवायचे आणि स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावायचे. शंभर पांढऱ्या पेशींत नारिंगी दाण्यांच्या किती, ते बघायचं असे. खाज वाढली की त्या वाढतात, असं ते सांगायचे. तशी पेशी दिसली की बाबा "हं" म्हणायचे आणि ती कळ दाबायची. टक. कधी कधी "हं, हं" असे लागोपाठ दोन यायचे आणि तिची धांदल उडायची.

यंत्रावर चौदा यायचे. बाबा हात धुवायचे, आत जायचे आणि टॉवेलात तोंड पुसता पुसता आईला सांगायचे, "सात."

मोजलेलं घरात सांगताना निम्मं करायचं असतं, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं. लॅबची तशी रीतच असणार. चार बिस्किटं खाल्ली की ती अगदी प्रामाणिकपणे दोन सांगायची. बाबांनी सात सांगितले, की त्या दिवशी तिला एरवी आईने बंद केलेलं उकडलेलं अंडं मिळायचं. ते सोलायला बाबांना फार वेळ लागे. टरफल एका तुकड्यात निघायला हवं, असा त्यांचा हट्ट. ती वाटी धरून समोर उभी.

मायलेकी जिना चढून आल्या तेव्हा आई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आलात? काय म्हणाली तुमची डॉक्टरीणबाई?"

"चांगलं आहे म्हणाल्या."

"चांगलं म्हणजे किती?"

ती खाली वाकून बिट्टीच्या सँडलचा पट्टा सोडवत होती. "सातशे तीस," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

आईच्या हातात उशीची खोळ होती. तिने ती झटकली.

"म्हणजे चौदाशे साठ."

लेकीने मान वर केली.

"बघतेस काय अशी? बापाची लेक शोभतेस खरी. त्यांचं तोंड टॉवेलात, तुझं सँडलमध्ये. आणि दोघांना निम्म्यापलीकडे काही सुचत नाही. कधीतरी पाव करून बघायचं!"

"तुला माहीत होतं?"

"दुप्पट करायला काय शाळा लागते?"

"मग मला अंडं कसं द्यायचीस?"

आईने खोळीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ते सात म्हणाले की देता यायचं," ती म्हणाली. "उद्या तुझं अंग फुटून आलं असतं, तर म्हणता आलं असतं, तुम्हीच सांगितलंत. मलाही द्यायचंच असायचं गं. पण एकटीने ठरवायचं म्हटलं की हात उचलत नाही."

बिट्टी एका पायात सँडल घालून दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

लेकीने पर्समधून कागद काढला आणि आईच्या मांडीवर उलगडून ठेवला.

"चौदाशे साठच आहे, आई. तीन हजारांवरून उतरलाय. अजून मलम लागणार, किती दिवस ते माहीत नाही. पण अंड्यादुधाचा काही संबंध नाही. हे डॉक्टर म्हणाल्या, आणि मीही म्हणतेय. केक मी देणार आहे. काही झालं तर माझ्यावर."

चष्मा टेबलावर होता, तरी आई कागदाकडे बराच वेळ बघत राहिली.

"आजी, जाऊ मी?"

"जा की. पण केकच खा, मेणबत्ती नको. आणि आधी हातपाय धू, ते मलम लावू दे."

आजी आणि नात मोरीकडे गेल्या. नळ सुरू झाला, बंद झाला. बिट्टी खिदळली, तिला गुदगुल्या होत असाव्यात.

"अगं," आतून आईची हाक आली, "हे जाड लावायचं की पातळ? मला काही कळत नाही बाई. जरा येऊन दाखव."