दिसायला लागणारा वेळ

केतकी अकोल्याहून सुरतेला आली ती साड्यांच्या एका घाऊक वेबसाइटचा सर्च सर्व्हर सांभाळायला. काम घरूनच. पलसाण्याच्या रस्त्याला भाड्याचा फ्लॅट, शेजारी सगळे आपापल्या दाराआड. व्यापाऱ्यांच्या तक्रारींचा फोनही तिच्याकडेच असायचा, आणि त्यावर मराठी बोलणारं एकच माणूस होतं: सुरतेच्याच लिंबायत वस्तीतल्या, खानदेशी वळणाने बोलणाऱ्या सुभद्राबाई. त्या लेस आणि ब्लाउजपीस विकायच्या. नव्या मालाचे फोटो चढवले की त्यांचा फोन ठरलेला.

"ताई, मना माल दिखत नही."

"जतन झालाय, मावशी. शोधात यायला तासभर लागतो."

आधीच्या माणसाने सर्व्हर तसाच लावला होता. आलेली नोंद सर्व्हर लगेच लिहून घ्यायचा, पण शोधणाऱ्यांपुढे मांडायचा तासाने. सुभद्राबाई मात्र लगेच फोन ठेवत नसत. जेवलीस का, भाजी कशाची केलीस, गावाकडे कधी जाशील. भाजी केलेली नसली तरी केतकी एखादी सांगून टाकायची.

एक दिवस सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या ऑफिसातून तिच्या साहेबांचा, रोहितसरांचा, निरोप आला. "तक्रारी फार वाढल्यात. माल लगेच दिसायला हवा."

केतकीने जतन करणं आणि दाखवणं वेगळं केलं. डिस्कवर पक्कं लिहिणं मिनिटामिनिटाला ठेवलं. दाखवणं आधी दर सेकंदाला लावून पाहिलं, तर सर्व्हरला धाप लागली. मग ती वेळ थोडी थोडी वाढवत गेली आणि काही सेकंदांवर जमून आलं.

नवा माल चढवताच सुभद्राबाईंचा फोन आला. "लगेच दिखना, ताई. आते तुले तरास नही."

"त्रास कसला, मावशी," केतकी म्हणाली, तोवर फोन बंद झाला होता.

नंतर फोन आलाच नाही. केतकी शोधून पाहायची, तर त्यांची नवी लेस बिनबोभाट आलेली असायची. एका दुपारी तिने सेटिंग उघडून पुन्हा एक तास लिहिला. थोडा वेळ त्याकडे बघत बसली आणि खोडून टाकला. मग आपणच फोन लावला.

"मावशी, सगळं नीट दिसतंय ना?"

"दिखस ना. काय झायं?"

"काही नाही, सहज."

पलीकडे कुणीतरी भाव विचारत होतं. "गिऱ्हाईक शे, ताई. मंग फोन करसू."

अंधार पडेपर्यंत केतकीने वाट पाहिली. मग वाटीभर तांदळाचा कुकर लावला, आणि जेवताना फोन पालथा ठेवला.