खिशातल्या पाच वायरी

आमच्या दादाचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता. विश्वास होता तो माझ्या खिशावर.

मी कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं काम बघतो. दादा तिथेच पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या प्रेसवर. प्रेसचं दार उघडलं की दाराचा स्विच पॅनेलला कळवतो आणि प्रेस चालू होऊच शकत नाही. स्विच बिघडला आणि काम थांबवायचं नसेल, तर आम्ही पॅनेलमध्ये वीतभर लाल वायर जोडतो. मग दार सताड उघडं असलं तरी पॅनेल समजतं, बंद आहे. अशा पाच वायरी माझ्या शर्टाच्या खिशात असतात. एखादी कमी असली, म्हणजे ती कुठल्या तरी पॅनेलमध्ये खोटं बोलत बसली आहे.

हे दादाला मीच सांगितलं होतं, शहाणपणा मिरवायला. तेव्हापासून प्रेसमध्ये हात घालायच्या आधी तो ओरडायचा, "दाखव रे तुझं दुकान!" मी वायरी बोटांत पसरून वर धरायचो. तो मोजायचा आणि सगळे हसायचे. "बापाने मला मोजायला शिकवलं, तुला नुसतं बोलायला," असं तो चारचौघांत म्हणायचा. मला राग यायचा, पण मी दाखवायचो.

आमच्या इंजिनिअरला सगळे पाठीमागे 'आत्ताच' म्हणतात. त्या दिवशी सकाळी दाराचा स्विच गेला आणि आत्ताच धावत आला.

"नवा स्विच संध्याकाळी येईल. वायर टाक. आत्ताच."

"टाकतो साहेब. रजिस्टरमध्ये लिहितो आणि दादाला सांगतो."

"लिहिलंस तर वरून विचारणा होईल. त्याला सांगितलंस तर तो मशीनला हात लावणार नाही. तुझाच भाऊ ना? मग तूच लक्ष ठेव."

मी शेपूट घातली. दादा चहाला गेला होता. तो आला की हळूच कानात सांगू, असं ठरवून मी वायर जोडली. तेवढ्यात पंपाचं बोलावणं आलं.

आमच्या धंद्यातली एक खोड आहे. खिशात वायर कमी लागली की बोटं आपोआप रिळाकडे जातात. डोकं पंपात होतं. हातांनी एक नवी वायर कापली, टोकं सोलली, पिळली आणि खिशात टाकली. चाराच्या पुन्हा पाच झाल्या, आणि सकाळची वायर माझ्या डोक्यातून साफ गेली.

दुपारी प्रेसमध्ये पुठ्ठा अडकला. पुठ्ठा निघेपर्यंत प्रेस थांबून होती. दादाने हाक मारली, "दाखव रे तुझं दुकान!" मी शिडीवर होतो. खिशातून वायरी काढल्या, मोजल्या आणि वर धरल्या. त्यानेही मोजल्या. मग त्याने दार उघडलं, उजवा हात आत घातला आणि पुठ्ठा ओढला. अडथळा गेल्याचं पॅनेलला कळलं. प्रेस खाली आली.

तो किंचाळला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? पाच तर आहेत की!

त्याला दवाखान्यात नेलं. "चौकशीवाले यायच्या आत तुझी वायर काढ," असं 'आत्ताच' सांगायला आला, तेव्हा मी पॅनेल उघडून ती काढलेलीही होती. संध्याकाळी येणारा स्विच अर्ध्या तासात आला. चौकशीवाल्यांना सगळं ठाकठीक सापडलं. ऑपरेटरनेच दाराचा स्विच दाबून ठेवला असणार, असं त्यांनी लिहिलं आणि खाली मी सही केली. मला लाज वाटली. पण भीती जास्त वाटली.

महिन्याभराने दादा घरी आला, तो नोकरी गमावूनच. मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती.

"मी स्विच दाबून ठेवला म्हणतात. मी असं करेन का रे?"

"नाही दादा."

"हिला वाटतं, वायर तुझीच होती. मी झापलं हिला. म्हटलं, पाच होत्या, मी स्वतः मोजल्यात." तो वहिनीकडे वळला. "थांब, तुझ्यासमोरच होऊ दे. दाखव रे तुझं दुकान."

सहावी वायर मी येतानाच गटारात टाकली होती. घरी काय विचारतील, हे मला ठाऊक होतं.

मी वायरी त्याच्या मांडीवर ठेवल्या. डाव्या हाताने त्याने एकेक बाजूला केली. त्याला बराच वेळ लागला. दोन खाली पडल्या, त्या मी उचलून दिल्या.

"पाच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "बघ! उगाच माझ्या भावावर संशय घेत होतीस."

वहिनीने मान खाली घातली. "चुकलं माझं, भाऊजी," म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.

मी नको म्हणालो नाही.