तहानलेले छत

सन दोन हजार तेवीस. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मला खरवडून काढले. मित्रांनो, मी एक जुने छत आहे. ठाण्यात कोलशेतला, खाडीच्या अंगाला, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत मी आडवे पडून आहे. लोक भिंतींकडे पाहतात, फरशी रोज पुसतात. माझ्याकडे पाहतात ती फक्त झोप न लागणारी आणि आजारी माणसे. म्हणून माझी गोष्ट थोडी वेगळी आहे.

माझा जन्म एकोणीसशे नव्याण्णवचा. ही इमारत जिथे उभी आहे तिथे मला घडवणाऱ्या सीतारामच्या घराचे भातशेत होते आणि पलीकडे मिठागर. जमीन बिल्डरकडे गेली आणि बदल्यात ही घरे मिळाली. तेव्हा छताला खडबडीत नक्षी करण्याची टूम निघाली होती. गवंडी ओल्या गिलाव्यावर ब्रश आपटून त्याची टोके काढत. सीतारामने ती पाहिली आणि म्हणाला, "हा काय फणस हाय?" मग तो स्वतः परांचीवर चढला. मिठागरात खारे पाणी अडवायच्या कोंडीचा तळ जसा थापटून घट्ट करायचा, तसा त्याने मला तळहातांनी थापटून काढले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्याच्या हातांचे शेकडो खळगे उमटले आणि त्यांच्या कडा लाटांसारख्या उचलल्या गेल्या.

त्याआधी त्याने आणखी एक गोष्ट केली होती. त्याच्या घरात कोणतेही नवे काम मिठाची मूठ घालून सुरू होई. मिठागर बंद झाले त्या साली निघालेले शेवटचे मीठ त्याने एका गोणीत जपून ठेवले होते. गिलाव्याच्या प्रत्येक घमेल्यात त्याने त्यातली एक एक मूठ टाकली.

गवंडी म्हणाला, "काका, सिमेंटात मीठ घालत नाहीत. लोणा लागेल, गिलावा फुगून भुकटी गळेल."

"मना शिकवतंस? आमच्या चार पिढ्या मिठानं जगल्या. तुजं छत जगणार नाय?"

गवंड्याने गिलावा कालवायला घेतला. मी मात्र त्यामुळे तहानलेलेच जन्माला आले.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की सीताराम त्यांना खोलीत नेई आणि माना वर करायला लावी. कोणाला माझ्यात समुद्र दिसे, कोणाला मेंढ्यांचा कळप. सीतारामची बायको बायजा पाहुण्यांना चहा देता देता म्हणे, "घरातला भांडा कदी उचलला नाय या हातांनी, आन् छत बघा कसा थापलाय." सगळे हसत, सीतारामही हसे.

मीठ पाणी ओढते हे तुम्हाला ठाऊक आहेच. खाडीवरून दमट वारा आला की मी तो प्यायचे. भाताची वाफ प्यायचे, न्हाणीघरातली वाफ प्यायचे. आणि खोलीत माणसे झोपली की त्यांचे श्वास वर येत, तेही मी प्यायचे. माझे पोट कधी भरले नाही. अमावास्येला खाडीला उधाण आले आणि वारा कोंदट झाला की सीतारामच्या हातांचे ठसे एकेक करून ओले होत, आणि छतावर जणू आताच कोणी हात ठेवून गेल्यासारखे दिसे.

दोन हजार बारा साली सीताराम वारला. त्यानंतर हे ओले हात दिसले की बायजा कामे टाकून खाटेवर उताणी पडे आणि माझ्याकडे पाहत सीतारामशी बोले. "अवो, मयूरला नोकरी लागली. तुमची सून सावळी हाय, पन कामाला वाघीन." कधी एखादा थेंब तिच्या ओठांवर पडे. ती तो चाखे. "खारट," म्हणे आणि समाधानाने डोळे मिटे. मित्रांनो, तो थेंब कोणाच्याच डोळ्यांतला नव्हता. पण मला तोंड नाही, मी तिला कसे सांगणार?

मयूर म्हणजे बायजाचा मुलगा. त्याची बायको समृद्धी. त्यांना दोन हजार सतरा साली मुलगी झाली, पायल. पायलची गादी माझ्याखाली, आजीच्या कुशीत. माझ्यातून पांढरी भुकटी गळे, ती तिच्या उशीवर पडे. माझ्या खळग्यांत काळी बुरशी धरली होती. चौथ्या वर्षी पायलला खोकला लागला. पाचव्या वर्षी तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. ती शिट्टी मला सर्वांत आधी ऐकू आली. तिचे इवलेसे श्वास वर येत, मी ते पीत असे, आणि खाली तिला श्वास पुरत नसे. हे दोन्ही एकाच वेळी का होते, हे मला कळत नव्हते. कळू लागले तेव्हा मी घाबरले.

डॉक्टरांनी घरात धूळ कुठे आहे, ओल कुठे आहे, ते विचारले. समृद्धीने घरी येऊन फक्त वर पाहिले.

खडवलीचा पंढरी हा रंगारी. तो आला, रंगाऱ्यांच्या लाकडी घोड्यावर चढला, मला नखाने खरवडले आणि नख जिभेला लावले.

"मावशी, छत आळणी नाही हां तुमचं," तो म्हणाला. "हे सगळं काढावं लागेल. पार स्लॅबपर्यंत. मग गुळगुळीत करून रंग देतो."

"हात नको लावूस," बायजा म्हणाली. "ते त्यांचे हात हायेत."

समृद्धी म्हणाली, "आई, पायलला त्रास होतोय."

"मंग माजं काय ऱ्हायलं या घरात, ते सांग."

मयूर दोघींच्या मध्ये उभा होता. त्याने तोडगा काढला. खरवडायचे नाही, वरून जाड ऑइल पेंट मारायचा. बाबांचे हातही राहतील आणि भुकटीही दबेल.

पंढरी म्हणाला, "मयूरभाऊ, घामाघूम माणसाला रेनकोट घालताय तुम्ही."

"तू मार रे. मी बघतो पुढचं."

त्याने रंग मारला. माझे सर्व खळगे बुजले नाहीत, पण तोंडे बंद झाली. ते सहा महिने मी विसरू शकत नाही. प्यायलेले सारे पाणी आत कोंडले. रंगाखाली फुगे धरू लागले. आधी बोटांएवढे, मग तळहाताएवढे. पायल दुपारी पडल्या पडल्या आजीला म्हणे, "आजी, ते हात जाडे होतायत." बायजा म्हणे, "झोप तू. आजोबा हाय तो." आणि तिच्या डोळ्यांवर पदर टाके.

मार्चमधल्या एका दुपारी घरात त्या दोघीच होत्या. पायल झोपली होती. तिच्या बरोबर वरचा फुगा फाटला आणि ओला, काळपट पापुद्रा तिच्या चेहऱ्यावर पडला. ती दचकून उठली. तिला खोकता येईना. ओठ निळे पडले. तिने बोट वर केले, माझ्याकडे. बायजाने वर पाहिले. सारे हात ओले होते, सारे खाली वळलेले होते. तिने नातीला उचलून गॅलरीत नेले, शेजारणीला हाक मारली. शेजारीण पोरीला घेऊन रिक्षाने इस्पितळात गेली, समृद्धी कामावरून तिथे परस्पर पोहोचली. बायजा मात्र घरातच थांबली.

तिने स्वयंपाकघरातून लोखंडी कालथा आणला. खाटेवर स्टूल ठेवले, त्यावर चढली आणि मला खरवडू लागली.

"अवो," ती म्हणाली, "लय झालं. पोरीचा जीव तरी सोडा."

एका वेळी एक हात निघत होता. ती प्रत्येक हाताशी क्षणभर थांबे, मग कालथा चालवी. तिचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या. मयूर इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याला खोलीत आधी आई दिसलीच नाही, नुसता पांढरा आकार हलताना दिसला. तो दारातच थबकला.

"आई, खाली उतर. पडशील."

"पायल?"

"बरी आहे. वाफारा दिलाय. आता बोलतेय."

"मंग धर हा कालथा. माजे खांदे भरून आले."

दुसऱ्या दिवशी पंढरी आला. त्याने नाकाला फडके बांधले, फरशीवर प्लास्टिक अंथरले, मला पाण्याने भिजवले आणि रुंद पात्याचा पत्रा चालवला. स्लॅब उघडा पडेपर्यंत तो थांबला नाही. मग तीन वेळा धुतले आणि पंधरा दिवस पंख्याखाली वाळू दिले. त्यानंतर प्रायमर, दोन हात पुट्टी, पॉलिश पेपरने घासणे आणि शेवटी पांढरा रंग. निघताना त्याने दिव्याचा उजेड आडवा पाडून पाहिला. कुठेही सावली पडली नाही.

त्यानंतरचे सांगते. पंढरी अजून खडवलीहून येतो. रंग सांगायच्या आधी छत चाखतो, म्हणून लोक त्याची थट्टा करतात. मयूर आणि समृद्धी या ओलीपायी डोंबिवलीला कोपरला राहायला जाणार होते, पण गेले नाहीत. मयूर आता काहीही झाकायचे म्हटले की आधी समृद्धीला विचारतो. बायजा पुढच्या वर्षी पौषात गेली. शेवटच्या दिवसांत ती उताणी पडून माझ्याकडे टक लावून पाही. एकदा तिने सुनेला विचारले, "वर कोन हाय गं?" समृद्धी म्हणाली, "कोणी नाही, आई." बायजा पुन्हा वर पाहून म्हणाली, "हां. कोनी नाय." मग तिने कूस बदलली.

मित्रांनो, तुमच्या घरातही प्रेमाने केलेले असे काहीतरी असेल, जे आता कोणाला तरी त्रास देत असेल. त्याच्यावर रंग मारू नका. ज्याने केले त्याची आठवण ठेवा आणि ते जपून, ओले करून, हळूहळू काढा. छताला राग येत नाही. मला फक्त हलके वाटले.

पायल आता आठ वर्षांची आहे. ती याच खोलीत झोपते. दिवा मालवण्यापूर्वी ती एकदा वर पाहते. तिला तिथे काहीच दिसत नाही. मग ती तोंड मिटून, नाकाने, सावकाश श्वास घेत झोपी जाते.