चार रेघांची दांडी

मी सायकल बोलतेय. उभ्यानंच ऐका, कारण बसायला म्हणाल तर माझी सीट आता कुणाचं वजन धरत नाही. घंटी गेली. मागचं मडगार्ड तारेनं बांधलंय. रंग कुठला होता तो मलाच सांगावा लागतो. हिरवा होता, गर्द हिरवा. पण म्हणून माझी कीव करू नका. सव्वीस वर्षं मी एक घर ओढलं आणि आता दमले, एवढीच गोष्ट आहे.

कारखान्यातला जन्म रंगवून सांगण्यात अर्थ नाही. नळ्या कापल्या, जोडल्या, रंग भाजला, गाडीत घातलं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सोलापुरात, टिळक चौकाजवळच्या एका दुकानात, जेव्हा काशम्मा आपलं सगळं घर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

घर म्हणजे चार माणसं. नवरा सिद्धलिंग यंत्रमागावर कामाला. त्याला काळी, आडव्या दांडीची भक्कम सायकल हवी होती. मुलगा शिवशरण तेरा वर्षांचा. त्याला वाकड्या हँडलची हवी होती. धाकटी दाक्षायणी एका लाल, बुटक्या सायकलीला मिठी मारून बसली होती. काशम्माला काय आवडतं ते कुणी विचारलं नाही. ती विचारायची वाट बघणारी बाई नव्हतीच.

"सायकल एकच घ्यायची," ती म्हणाली. "म्हणजे सगळ्यांना बसंल अशीच घ्यायची की."

आणि तिनं माझ्यावर हात ठेवला. आडवी दांडी नाही म्हणून लुगडं नेसून बसता येईल, चाक बेताचं म्हणून पोरांनाही चालेल, सीट वरखाली होते म्हणून नवऱ्यालाही. मी सगळ्यांना चालत होते. खरं सांगायचं तर कुणालाच नीट बसत नव्हते. मला हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यांना कळायला सव्वीस वर्षं लागली.

घरी नेल्यावर काशम्मानं पहिलं काम काय केलं? पूजा नव्हे. कानस घेतली, एकेकाला माझ्यावर बसवलं, आणि सीटखालच्या दांडीवर प्रत्येकाच्या उंचीची रेघ कोरली. चार माणसं, चार रेघा. उंच माणसाची सीट वर, म्हणजे दांडी जास्त बाहेर, म्हणून सर्वांत उंच सिद्धलिंगची रेघ सर्वांत खाली होती. चिमुकल्या दाक्षायणीची अगदी वर. तेव्हापासून दिवसातून चार वेळा माझा बोल्ट सैल व्हायचा आणि चार वेळा आवळला जायचा. पाना काशम्माच्या पिशवीत असायचा. घरात तिच्याशिवाय कुणी त्याला हात लावत नसे.

त्यांचं काय चुकलं, असं मी म्हणत नाही. एका सायकलीत चार जण भागवायचे तर दुसरं काय करणार? पण रोज बदलणारी माणसं अंगावर घेणं काय असतं ते मला विचारा.

काशम्मा बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली, तीही स्वतःची स्वतः. शेळगीच्या मोकळ्या माळावर पडायची, उठून आधी मला उचलायची, मग आपला गुडघा बघायची. बायका कडेला उभ्या राहून हसायच्या. ती ओरडायची, "हसा गं! उद्या दळण टाकायला माझ्याकडंच याल." आणि आल्याच.

शिकली कशासाठी? कडक भाकरीसाठी. ज्वारीची भाकरी थापून, भाजून, वाळवून ती पापडासारखी करायची आणि कापडात बांधून माझ्या कॅरिअरवरून दुकानादुकानांत पोचवायची. चाक खड्ड्यात गेलं की चळतीतल्या दहा भाकरी मोडणार. म्हणून तिला शहरातला एकूण एक खड्डा पाठ होता. महापालिकेला नसेल एवढा.

सिद्धलिंग मात्र माझ्यावरून जाताना मान खाली घालायचा. कारखान्याच्या फाटकावर त्याला ऐकावं लागे, "काय सिद्धलिंग, बायकोची आणलास? येताना पदर पण घेऊन यायचं की!" त्यानं कधी उत्तर दिलं नाही. तो गेला तेव्हा त्याची सगळ्यात खालची रेघ रिकामी झाली. दाक्षायणी लग्न होऊन इंडीला गेली. शिवशरणनं मोटरसायकल घेतली. काशम्माचे गुडघे सुजले आणि भाकरी पोचवायला रिक्षा येऊ लागली. मी जिन्याखाली गेले. सहा वर्षं माझ्या हँडलवर कांद्याची पिशवी लोंबत होती. खरं सांगू? मला बरं वाटत होतं.

गेल्या वर्षी मला पुन्हा बाहेर काढलं. शिवशरणची मुलगी श्रीदेवी हिला विजापूर रोडकडच्या नर्सिंगला प्रवेश मिळाला. शेळगीपासून आठ-नऊ किलोमीटर. साडेसातला हजेरी. बसचा भरवसा नाही, रिक्षाचं रोजचं परवडत नाही.

"हाय की सायकल घरात," काशम्मा म्हणाली.

श्रीदेवी आजोबांवर गेलीय, उंच. सीट तिच्यासाठी सिद्धलिंगच्या रेघेवर आणली. पण इतक्या वर्षांच्या सैल-आवळीनं सीटची दांडी जिथं शिरते तो माझा गळाच फाकलाय. कितीही आवळा, ती घरून निघायची आजोबांच्या रेघेवर आणि सात रस्ता चौकात पोचायची दाक्षायणीच्या रेघेवर. गुडघे हँडलला आपटायचे. उतरून सीट वर ओढायची, पुन्हा निघायची. आठवड्यातून तीनदा उशीर व्हायचा, आणि उशीर झाला की तिला दाराबाहेर उभं करायचे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिनं मला भिंतीला टेकवलं आणि बापाला हळूच म्हणाली, "पप्पा, मी नर्सिंग सोडते. हितल्याच कॉलेजात बी. ए. करते. अज्जीला सांगू नका इतक्यात."

शिवशरण माझ्या फाकलेल्या गळ्याकडे बघत राहिला. मी सायकल आहे, मला खाली मान घालता येत नाही. येत असती तर घातली असती.

दुसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, "अव्वा, पोरीला नवी सायकल बघू. सात हजारात बसंल."

"हिला काय झालंय?" काशम्मानं विचारलं. पण दुकानं बघायला निघाली. तुलना करण्यात तिला कोण हरवणार?

पहिल्या दुकानात गिअरची सायकल होती. रविवारी घरी माझ्यावर हात टाकून शेजारणीला तिनं सगळा किस्सा ऐकवला. "अगं, मडगार्ड न्हाय, स्टँड न्हाय, कॅरिअर न्हाय. म्हटलं, टेकवायची कशाला, तुझ्या काउंटरला? तर म्हणतो, मावशी, हिला पुढं स्प्रिंग हाय. म्हटलं, ती तुझ्या खुर्चीला बसव, दिवसभर बसतोस." दुसऱ्या दुकानातल्या सायकलीच्या टोपलीत, तिच्या मते, कोथिंबीरसुद्धा दबली असती. शिवशरणनं मोबाइलवर एक स्वस्तातली दाखवली. "खोक्यातून येती म्हणं, अर्धी उघडी. जोडणार कोण, खोकं?"

प्रत्येक वेळी शेवट एकच. "आपल्या हिरवीसारखी एक बी न्हाय."

मला ते ऐकून अभिमान वाटायला हवा होता. मला हरायचं होतं हो. कुठल्यातरी सायकलीनं मला एकदाचं हरवावं आणि ती पोर सुटावी, एवढीच माझी इच्छा होती. पण काशम्मा मला हरू देईना. माझ्यावरून तिनं दोन पोरं वाढवली. मी भंगार ठरले तर तिची ती वर्षंही भंगारात जातील, असं तिला वाटत असावं. तिनं कधी म्हटलं नाही. पण तिचा तळहात माझ्या हँडलवर असायचा, आणि त्यातून मला कळायचं.

तिसऱ्या दुकानात ती मलाच घेऊन गेली, मापाला म्हणून. टिळक चौकातलं तेच दुकान होतं, जिथून मी निघाले होते. गल्ल्यावर आता गुरुराज नावाचा तरुण माणूस होता.

काशम्मानं पाच सायकली बोटाच्या पेरानं ठोकून बघितल्या, उचलून बघितल्या, चाक फिरवून कान लावला. "सगळ्या पोकळ," ती म्हणाली. "हिच्यासारखी दाखव."

गुरुराज हसला. "एवढी चांगली हाय तर चालवून दाखवा की मावशी. आमी बी शिकू."

"दाखवते. सीट माझ्या रेघेवर आण."

"अव्वा, राहू दे," शिवशरण म्हणाला.

"तू गप."

गुरुराजनं माझ्या फाकलेल्या गळ्याला तात्पुरता क्लँप लावला आणि सीट बरोबर तिच्या रेघेवर आणली. काशम्मानं पदर खोचला, माझ्या हँडलवर हात ठेवले आणि बसली. सहा वर्षांनी. वजन किती कमी झालं होतं तिचं! पाय पॅडलकडे गेला. पॅडल खाली गेलं, आणि तिचा पाय वरच राहिला. चपलेचं टोक नुसतं घासलं. ती एका बाजूला कलली, तसं श्रीदेवीनं धावत येऊन कॅरिअर धरलं.

"रेघ चुकवलास तू," काशम्मा म्हणाली.

"न्हाय मावशी. रेघेवरच हाय. बघा."

ती उतरली. चष्मा पुसला. वाकून दांडीवर बोट फिरवलं. रेघ तिनंच कोरलेली, कुणाला विचारायची गरज नव्हती. किती तरी वेळ ते बोट तिथंच होतं.

"मग मीच कमी झाले की," ती म्हणाली.

रस्त्यावरून टेम्पो गेला.

मग तिनं श्रीदेवीकडे बघितलं, वरून खाली, जसं सायकलींकडे बघत होती तसं. नजर पोरीच्या गुडघ्यांवर थांबली. दोन्ही गुडघ्यांवर जुने-नवे काळे डाग होते. "हे हिच्यामुळं?" तिनं विचारलं.

श्रीदेवी म्हणाली, "लई न्हाय अज्जी."

"खोटं बोलू नको. तुला कुठली पायजे?"

पोरीनं गिअरच्या सायकलीकडे बघितलंही नाही. कडेला एक साधी, करडी, उंच सायकल होती. मडगार्डसकट, कॅरिअरसकट, सहा हजार आठशेची. "ती."

तिला बसवलं. पाठ ताठ, पाय पुरता लांब, गुडघा हँडलपासून वीतभर दूर. काशम्मानं ती वीत स्वतःच्या हातानं मोजली. मी बघत होते. शेवटी हरले, आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुराज सीट आवळायला लागला तेवढ्यात शिवशरण सवयीनं म्हणाला, "थोडी खालीच ठेवा. तिची आई पण बाजारला नेईल."

"न्हाय!" काशम्मा अशी ओरडली की गुरुराजचा हात थांबला. "तिच्या आईला पायजे तर तिची येगळी घेऊ, पुढच्या वर्षी. ही एकटीची हाय. आवळ. अजून आवळ."

मग तिनं पिशवीत हात घातला. आपला पाना काढला, सव्वीस वर्षांत गुळगुळीत झालेला, आणि माझ्या कॅरिअरवर ठेवला. "हिच्याबरोबर हे बी घे," ती गुरुराजला म्हणाली. "घरी आता काम न्हाय त्याचं." माझे किती देणार, हेसुद्धा तिनं विचारलं नाही. मी सांगते ना, दमली होती तीसुद्धा.

आता मी या दुकानाच्या मागच्या भिंतीला आहे. पुढचं चाक एका हातगाडीला गेलं. पॅडल कुणीतरी नेलं. दांडी अजून आहे, चार रेघांसकट. ती कुणाच्या मापाची नाही म्हणून कुणी नेत नाही.

तुम्ही सायकल घ्यायला याल तेव्हा माझं एवढं ऐका. सगळं घर घेऊन येऊ नका. जो चालवणार आहे त्याला आणा, बसवा, आणि किमतीची पाटी वाचण्याआधी त्याचे गुडघे बघा. सगळ्यांना चालेल अशी वस्तू घेताना घरात कुणाचं तरी अंग सोलतं, आणि ते माणूस बहुतेक बोलत नाही.

रोज सकाळी सातला ती करडी सायकल टिळक चौकातून जाते. आवाजावरून ओळखते मी, सीट कुरकुरत नाही तिची. श्रीदेवी माझ्याकडे बघत नाही. नकोच बघू पोरी. पुढं बघ, पुढं खड्डा आहे.