रंगवलेल्या पट्ट्यातून

डब्याचं झाकण खट्कन बसलं आणि घरातली शांतता मोडली. लेक आज पहिल्यांदाच एकटी सायकलवरून शाळेत निघाली होती. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"रस्त्यावर सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यातूनच जायचं," मी तिला बजावलं.

"तिथे गाड्या उभ्या असतात," नवरा म्हणाला. "प्रत्येक गाडी चुकवायला ती मध्येच रस्त्यावर येणार, मागच्याला दिसणारही नाही. त्यापेक्षा पहिल्यापासून पट्ट्याबाहेरून, रस्त्यावरूनच सरळ जाऊ दे."

"अरे, तो पट्टा तूच रंगवलास ना?"

"रस्त्यावरचे पट्टे रंगवणं माझं काम. गाड्या हाकलायला मला कोण ठेवतंय? आणि तू तर ट्रकचा नुसता आवाज आला तरी सायकलवरून उतरतेस."

मी लेकीच्या हेल्मेटचा बंद घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. तिची इवलीशी हनुवटी बंदात चिमटली, तरी बिचारी जागची हलली नाही.

"पट्ट्यातूनच जा, राणी," मी म्हणाले. "पुढे गाडी उभी असली की उतर आणि थांब."

तिने जरा विचार केला.

"आणि गाडीवाला आलाच नाही, तर?"