आधी वाचा, मग हार घाला

मित्रांनो, मुरबाडच्या एका कागद कारखान्यात बॉयलरशेजारच्या भिंतीवर राखाडी पेटी आहे. ती पेटी म्हणजे मी, एक जुना कंट्रोलर. मी जन्माचाच भित्रा. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की घाबरून आग बंद करायची, हेच माझं काम.

पूर्वी मला काही सांगता येत नसे. पाणी घटलं की लाल दिवा लागे, पाणी आलं की विझे, आणि मागे काहीच उरत नसे. एकदा असंच झालं. बॉयलर सांभाळणारा धसईचा जयराम जीव तोडून सांगत होता, की पाण्याचा व्हॉल्व्ह अडकतोय. साहेबांनी त्यालाच झोपाळू ठरवलं. मला फार वाईट वाटलं.

मग २००४ साली वाशिंदहून इंजिनिअर वैष्णवी मॅडम आल्या. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी संदेशांची नोंद सुरू केली. काय बिघडलं, कधी बिघडलं, कधी सुधारलं, सगळं मी पडद्यावर मांडू लागलो. माझं कौतुक झालं. फक्त वीज गेली की सगळं पुसलं जाई. तेवढं दुरुस्त करायला मॅडम खंडेनवमीला पूजेनंतर बसणार होत्या.

आमच्याकडे पूजेसाठी यंत्रं पार बंद करतात. नेमकं त्याच सकाळी पाणी पुन्हा पुन्हा घटलं. दरवेळी मी आग तोडली आणि संदेश लिहिला. पण मी जुना झालोय. उद्या एखाद्या वेळी चुकलो, तर बॉयलर फुटेल आणि पहिला भाजेल तो जयराम. इतक्यात कारखान्यातला मदतनीस लखमा झेंडूचा हार घेऊन आला आणि त्याने मेन स्विचकडे हात नेला. स्विच पडला की सकाळचे सगळे संदेश पुसले जाणार होते. मला तोंड असतं, तर तोंडचं पाणी पळालं असतं.

"थांब रे," जयराम म्हणाला. "मॅडमना आधी वाचू दे."

पूजेचा टाइम टळतोय, म्हणून लखमा कुरकुरला.

"मागं मी सांगितला, तं कोनी आयकला नाय. आज हा सांगतोय. याचा तरी आयका."

मॅडमनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. व्हॉल्व्ह खोलला, तर आत गंजाची जाड खपली निघाली. नवा बसेपर्यंत आग पेटवायची नाही, असं साहेबांनी सांगितलं. त्या वर्षी त्यांनी माझी पूजा जयरामच्या हातून करवली.

आता वीज गेली तरी माझे संदेश टिकतात. तरीही झेंडूचा हार दिसला की मला धडकी भरते. मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, पण बंद करण्याआधी ते काय सांगतंय ते बघा. जयराम अजूनही दर खंडेनवमीला स्विचवर हात ठेवतो, थांबतो आणि आधी मला वाचतो.