दोन राखाडी खोकी

घर हलवताना लोक खोक्यांवर पेनाने लिहितात: भांडी, पुस्तकं, जपून. पण या घरातली सून रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्याचं काम करायची. गिऱ्हाईक भिंतीचा टवका पुडीत बांधून आणायचं आणि म्हणायचं, असाच रंग पाहिजे. मग ही थेंबभर निळा, थेंबभर काळा करत पत्र्याच्या पट्टीवर नमुना लावायची, वाळू द्यायची आणि खिडकीच्या उजेडात नेऊन टवक्याशेजारी धरायची. दोन्हींमधला सांधा दिसेनासा झाला की काम झालं. अशा बाईने पेनाने 'भांडी' लिहायचं म्हणजे गवयाने ताट वाजवून जेवायला हाक मारण्यासारखं. तिने प्रत्येक खोक्यावर ब्रशाने एकेक फटकारा ओढला. एका रंगाची खोकी एका खोलीत जायची, इतकं सोपं.

घोटाळा एवढाच, की निरोप देताना सहकाऱ्यांनी तिला उरलेले डबे दिले होते, आणि उरतं तेच जे खपत नाही. त्या वर्षी खपला नव्हता तो राखाडी. त्यामुळे स्वयंपाकघर पारव्याच्या पाठीसारखं राखाडी, पुस्तकं ओल्या सिमेंटसारखी, कपडे विझलेल्या निखाऱ्यासारखे. नवऱ्याला तिन्ही सारखेच दिसत. "उंदीर, उंदीर आणि उंदीर," तो म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा. दोन वस्तू समान असल्या की त्याला बरं वाटे.

चौथाही एक राखाडी होता, किंचित हिरवट. तो एकाच खोक्यावर होता आणि त्यात काय आहे ते फक्त नवरा-बायकोला ठाऊक होतं. त्यात सासूबाईंचं शिवणाचं मशीन होतं.

त्याचं असं झालं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, आगगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर, एका मोठ्या कारखान्यात तिला शेडच्या खोलीची प्रमुख म्हणून बोलावणं आलं. नवऱ्यालाही तिथल्या शाळेत जागा मिळाली. दोघांनाही एकाच सोमवारी हजर व्हायचं होतं. राहता राहिली भुंगा. अडीच वर्षांची ही मुलगी जागेपणी सतत गुणगुणत असे, म्हणून तिला सगळे भुंगा म्हणत. तिकडचं पाळणाघर तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय मूल घेत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस येते. घर लावून देते आणि माझी मी परत." त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या होत्या, शिवणाची गिऱ्हाइकं होती, संध्याकाळी बाकावर बसून जगाची उणीदुणी काढणाऱ्या चार मैत्रिणी होत्या. त्यांनी ते सगळं का सोडावं? आणि त्या परत गेल्या तर सुनेला नोकरी सोडावी लागणार होती. नवऱ्याची जागा पक्की होती; तिला मात्र पहिले सहा महिने परीक्षेवर काम करायचं होतं, त्यात रजा नव्हती.

"तू विचार त्यांना," ती म्हणाली. "आई तुझी आहे."

"म्हणूनच तू विचार. मला नाही म्हणायला तिला एक सेकंद लागतो. तुला म्हणायला दोन तरी लागतील."

कुणीच विचारलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही दोन मांजरं होती. नवऱ्याच्या डोक्यातून कल्पना निघाली. मशीन समोर असलं की आईचे हात स्वस्थ बसत नाहीत. एकदा तिकडे शिवायला बसली की मुक्काम आपोआप वाढेल. तो मशीन 'तेलपाण्याला' म्हणून घेऊन गेला आणि ट्रकमध्ये चढवून आला. सून गप्प बसली. तिने फक्त हिरवट राखाडी फटकारा ओढला.

ट्रक पोचला तेव्हा दिवस कलला होता. हमाल सामान टाकून गेले. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर होती. तीन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, आणि प्रत्येक छताला पांढरीफेक ट्यूब. सून स्टुलावर उभी राहून पडद्याची दांडी बसवत होती. भुंगा रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज घुमतो म्हणून खूश होऊन गोल फिरत होती. नवरा दूध आणायला खाली गेला होता.

"अगं, दूध येईल, पण तापवायला पातेलं तरी काढून ठेवूया," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराचं खोकं कुठलं?"

सुनेने स्टुलावरूनच नजर टाकली. "ते बघा आई, दाराजवळचं."

कात्री चालल्याचा आवाज आला, मग कागद चुरगळल्याचा. मग काहीच नाही. भुंगाही गुणगुणायची थांबली.

"सूनबाई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे दूध यात तापवतात का?"

सुनेने वळून पाहिलं आणि दांडी तिच्या हातातून सुटली. ट्यूबच्या उजेडात पारव्याचा राखाडी आणि हिरवट राखाडी हुबेहूब एक दिसत होते. वेगवेगळ्या रंगांतून घोटलेले दोन नमुने दिवसा वेगळे आणि ट्यूबखाली एक दिसू शकतात, हे ती दर वर्षी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची. ट्यूबखाली शेड बघू नका, खिडकीपाशी जा. आणि आज स्वतःच्या घरात तीच स्टुलावरून बोट दाखवून बसली होती.

तेवढ्यात नवरा दुधाची पिशवी घेऊन आत आला आणि उंबरठ्यातच खिळला.

"या, मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "हे तेलपाण्याला गेलं होतं ना? दुकान बरंच लांब निघालं."

"आई, ते म्हणजे… दुकानदाराने सांगितलं की, म्हणजे मला वाटलं…"

"आयुष्यभर गणितं शिकवलीस. एक थाप तरी नीट जुळवायचीस."

त्यांनी मशीनचा छोटा खण ओढला. आत लाल ठिपक्यांचा, एका बाजूची शिवण घालायची राहिलेला छोटा फ्रॉक होता. "हा वरच्या मजल्यावरच्या मुलीचा. मशीन दुरुस्तीहून आलं की देते, म्हणून तिच्या आईला सांगून आले. आता ती चार जणींना सांगत असेल, म्हातारी कापड घेऊन पळाली."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"चूक माझी, आई," सून स्टुलावरून उतरत म्हणाली. "ट्यूबखाली मला दोन राखाडी—"

"मला तुझ्या राखाडीतलं काही कळत नाही," सासूबाई म्हणाल्या, "पण मी राखाडीवर रागावलेली नाही."

मग सून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. कारखान्यात चुकलेला डबा टाकून नवा घोटता येतो, इथे तसं नव्हतं. "आई, भुंगाला तीन वर्षं पुरी होईपर्यंत तुम्ही आमच्याकडे राहाल का? नाही राहिलात तर मला ही नोकरी घेता येणार नाही. तुम्हाला भरीला घालायला म्हणून नाही सांगत. आहे ते असं आहे."

"हे तिकडे विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही नाही म्हणाल, याची भीती."

"म्हटलंच असतं नाही. दोनदा म्हटलं असतं. मग बाकावर जाऊन चौघींशी बोलले असते, त्या म्हणाल्या असत्या जा, मी म्हटलं असतं जात नाही, आणि आठ दिवसांनी काय ते ठरवलं असतं. तुम्ही मला नाही म्हणूच दिलं नाहीत. मशीनबरोबर मलाही खोक्यात भरलंत."

नवऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि आईसमोर उकिडवा बसला. "चुकलो, आई."

"ते दिसतंय. आता पातेलं शोध. पोर भुकेली आहे."

पातेलं सापडलं ते चौथं खोकं उघडल्यावर.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सासूबाई भुंगाला घेऊन बाहेर पडल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. सुनेने सगळी खोकी खिडकीपाशी ओढून उजेडात पाहिली आणि यावेळी पेनाने मोठ्या अक्षरात नावं लिहिली. नवरा शेजारी उभा राहून म्हणाला, "शेवटी अक्षरांवर आलीस." तिने त्याच्या नाकावर पेनाची रेघ ओढली.

सासूबाई आल्या त्या तरातरा. खालच्या वाण्याशी त्यांचं वाजलं होतं. तो सुटा साबण देत नव्हता, आता देणार होता. पलीकडच्या बागेत दोन म्हाताऱ्या भेटल्या होत्या. "एक बहिरी आहे आणि दुसरी फार बोलते. चांगली जोडी आहे," त्या म्हणाल्या. भुंगाच्या खिशातून खडे निघाले.

जेवण झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. फ्रॉक त्या आज पुरा करणार आणि उद्या मास्तरांनी तो टपालाने पाठवायचा. पोरीची पाळणाघराची वेळ येईपर्यंत त्या राहतील. पण सहामाहीच्या सुट्टीत मास्तरांना शाळा नसेल तेव्हा त्या आपल्या घरी जातील, चौघींना भेटतील, आणि परत यायचं की नाही ते तिथे बसून ठरवतील. "आलेच नाही तर रडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही रडणार," सून म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिचे डोळे भरून आले.

"ही बघा, आत्ताच सुरू," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

संध्याकाळभर मशीन खडखडत होतं. भुंगा त्याच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत होती, आणि आजी-नातीतली कोण आधी थांबते याची नवरा-बायकोत पैज लागली होती. झोपायच्या आधी सासूबाई न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"उद्या अंघोळीला पहिली कोण?"

"मला लवकर निघायचंय," नवरा म्हणाला. "पहिली माझी."

"तू सायकलने दहा मिनिटांत पोचशील. हिचा कारखाना गावाबाहेर आहे." त्या सुनेकडे वळल्या. "पहिली तुझी. आणि गरम पाणी सगळं संपवू नकोस. दुसरी माझी आहे, मास्तर तिसरे."